काचपेटीचें विरजण

रंगीत मासे पाळण्याची हौस आतां पुष्कळ घरांतून दिसते. बाजारांतून काचपेटी येते, तींत वाळू अंथरली जाते, नळाचें पाणी भरलें जातें आणि त्याच सायंकाळीं पांच-सहा मासे सोडले जातात. पाणी स्फटिकासारखें निर्मळ असतें. तरीहि आठ-पंधरा दिवसांत एकेक मासा वर येऊन धापा टाकूं लागतो व मरतो. मुलें हिरमुसतात, वडील माणसें विक्रेत्यास बोल लावितात. वस्तुतः दोष बहुधा घाईचा असतो.

मासा कल्ल्यांनीं श्वास घेतो व त्याच वाटेनें शरीरांतील अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा व उरलेलें अन्न कुजूनहि अमोनियाच होतो. तळ्यांत तो अफाट पाण्यांत विरून जातो. चार घागरींच्या पेटींत तो सांचतो आणि कल्ले पोळतो. त्याचा निचरा करणारे सूक्ष्म जंतु सृष्टींत आहेत. १८९० सालीं सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें झुरिच येथें ते वेगळे करून दाखविले. कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट करितात, दुसरे नायट्राइटाचें नायट्रेट करितात. दोन्ही कामें एकटेच करणारे जंतुहि असल्याचें २०१५ सालीं आढळून आलें. यांपैकीं नायट्राइटहि घातकच. त्यानें माशाचें रक्त तपकिरी पडतें व प्राणवायु वाहण्याची त्याची शक्ति क्षीण होते. नायट्रेट त्या मानानें सौम्य असून, पाणी बदलल्यानें व वनस्पतींनीं शोषून घेतल्यानें आटोक्यांत राहतें.

हे जंतु मुख्यतः वाळूवर, दगडांवर व फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करितात. त्यांची वाढ मंद असते. पेटी तयार होण्यास सामान्यतः ४ ते ६ आठवडे लागतात. तोंवर मासे न सोडणें हाच उत्तम मार्ग होय. प्रथम नळाच्या पाण्यांतील क्लोरीन घालवावा, कारण तो मासे व जंतु दोहोंसहि मारक आहे. एक दिवस उघडें ठेविल्यास तो उडून जातो. क्लोरामाइन मात्र तसा जात नाहीं, त्यास बाजारांत मिळणारें औषधच घालावें लागतें. मग फिल्टर अखंड चालू ठेवून माशांच्या अन्नाची लहानशी चिमूट रोज टाकावी व तपासणीच्या द्रावांनीं पाणी पाहत जावें. आधीं अमोनिया चढतो; तो उतरूं लागतांच नायट्राइट चढतें; शेवटीं तेंहि उतरतें. रोज अन्न पडत असूनहि दोन्ही कांहीं दिवस शून्यावर राहिलीं, म्हणजे बरेंचसें पाणी बदलून दोन-तीनच मासे सोडावे व पुढें हळूहळू भर घालावी.

निरोगी, जुन्या पेटींतील स्पंजाचा तुकडा नव्या फिल्टरांत ठेविल्यास हा काळ पुष्कळच कमी होतो. दुधास जें विरजण, तेंच येथें हा तुकडा.

मासे आधींच सोडले गेले असल्यास धीर सोडूं नये. अन्न अगदीं थोडें द्यावें, हवेचा पंप चालू ठेवावा, पाणी रोज तपासावें आणि अमोनिया वा नायट्राइट दिसतांच पावभाग ते निम्मे पाणी, क्लोरीन घालविलेलें व तितक्याच उष्णतेचें, बदलावें.

पेटी तयार झाल्यावरहि एक पथ्य उरतेंच. स्पंज नळाखालीं खळखळून धुतल्यास महिन्याभरांत जमलेली वस्ती नष्ट होऊं शकते. तो पेटींतून काढलेल्या पाण्यांतच हलकेच पिळावा. रात्रभर दह्याची वाट पाहणाऱ्या घरांस हा धीर अवघड वाटूं नये.