आधी रिकॉल, मग हौद्याचे अस्तर

अमेरिकेत नवी पिकअप घेतलेल्या माणसापुढे पहिल्या काही महिन्यांत दोन कामे येऊन पडतात. मागच्या उघड्या हौद्यात माल टाकायला सुरुवात करण्यापूर्वी आतला रंग आणि पत्रा कसा वाचवायचा, हे एक. कारखान्यातच राहून गेलेल्या दोषासाठी कंपनीने रिकॉल काढला असेल तर तो पूर्ण करून घेणे, हे दुसरे. पहिल्या कामाची मालकाला हौस असते. कुठले अस्तर, किती जाड, कुठल्या दुकानात, ही चौकशी गाडी दारात येण्याआधीच सुरू होते. दुसरे काम टपालाने येते आणि पुष्कळदा पाकिटातच पडून राहते. खरे तर क्रम नेमका उलटा हवा. रिकॉलची दुरुस्ती फुकट असते आणि तिचा संबंध थेट जिवाशी असतो. अस्तर महिनाभर थांबले तरी काही बिघडत नाही; उलट त्यातला एक प्रकार असा आहे, की एकदा लावला की तो निघतच नाही.

रिकॉलची सारी व्यवस्था १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यावर उभी आहे. त्याची अंमलबजावणी १९७० पासून राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन, म्हणजे ‘निट्सा’ या नावाने ओळखली जाणारी संस्था करते. सुरक्षेला बाधक दोष आहे असे कंपनीच्या लक्षात आले, की पाच कामकाजी दिवसांत तिने निट्साला कळवायचे आणि त्यानंतर ६० दिवसांच्या आत मालकांना पत्रे पाठवायची, असे बंधन आहे. कंपनीने स्वतःहून पाऊल उचलले नाही, तर मालकांच्या तक्रारींवरून निट्सा चौकशी सुरू करू शकते. म्हणूनच अशी तक्रार नोंदवणे हे वेळ दवडणे नव्हे. दोष निघाल्यावर कंपनीपुढे तीन मार्ग असतात: दुरुस्ती, गाडी बदलून देणे किंवा पैसे परत करणे. बहुतेक वेळा दुरुस्तीच होते. गाडीच्या पहिल्या विक्रीपासून दहा वर्षांपर्यंत ती मोफत असे. २०१५ च्या कायद्याने ही मुदत पंधरा वर्षांवर नेली.

पत्र ओळखू यावे म्हणून पाकिटावर परिवहन खाते आणि निट्सा यांच्या बोधचिन्हांचा ठरावीक शिक्का असावा लागतो. हा नियम २०१४ पासून लागू झाला, कारण वॉरंटी वाढवून विकणाऱ्यांची जाहिरातपत्रेही सरकारी थाटात येत आणि मालक दोन्ही एकदमच कचऱ्यात टाकत. आतल्या मजकुरात दोष काय, त्यातून काय घडू शकते, आधी काही लक्षणे दिसतात का आणि दुरुस्ती कधीपासून मिळेल, एवढे तरी असतेच. ‘सुटे भाग अजून उपलब्ध नाहीत, पुन्हा कळवू’ असे सांगणारे पहिले पत्र आणि भाग आल्यावर दुसरे, असेही वारंवार होते. मधल्या काळात गाडी चालवायची की नाही, याचे उत्तर त्या पहिल्याच पत्रात असते. काही दोषांत आग लागण्याचा धोका असल्याने गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा, अशी सूचना असते. ती तंतोतंत पाळायलाच हवी.

पत्राची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. समोरच्या काचेखाली, चालकाच्या बाजूला कोरलेला सतरा अक्षरी-अंकी गाडी क्रमांक निट्साच्या संकेतस्थळावर टाकला, की त्या गाडीवरचे न झालेले रिकॉल दिसतात. हा क्रमांक चासीवर घातलेल्या नंबरासारखाच, प्रत्येक गाडीचा वेगळा. कंपन्या पत्ते राज्यांच्या नोंदणी खात्याकडून घेतात. त्यामुळे घर बदलून पत्ता न बदलणाऱ्याला आणि जुनी गाडी घेणाऱ्याला पत्र न मिळण्याची शक्यता अधिक. वर्षातून दोनदा हा क्रमांक तपासणे हाच खात्रीचा उपाय.

रिकॉलच्या दुरुस्त्या किती निरनिराळ्या असतात, हे अलीकडच्या पिकअपांवरून कळते. टोयोटाने मे २०२४ मध्ये २०२२ आणि २०२३ च्या टुंड्रा व लेक्सस एलएक्स अशा सुमारे १ लाख २ हजार गाड्यांसाठी रिकॉल काढला. इंजिनाचे भाग कापताना निघालेला धातूचा कीस आत राहून गेला होता. तो बेअरिंगपर्यंत पोचला तर इंजिन धावत्या गाडीत बंद पडू शकते. उपाय म्हणून इंजिनच बदलून देण्याचे ठरले. फोर्डच्या २०२१ ते २०२३ च्या सुमारे ८ लाख ७० हजार एफ-१५० गाड्यांत मागच्या वायरिंगचा जुडगा अॅक्सलच्या आवरणाला घासत होता. वायर सोलली गेली तर चालत्या गाडीत इलेक्ट्रिक हँडब्रेक आपोआप लागण्याची भीती. तिथे वायरिंग तपासून गरजेप्रमाणे बदलणे आणि संरक्षक पट्टी बसवणे एवढ्यावर काम भागले. टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये २०२४ साली अॅक्सिलरेटरच्या पेडलवरची पट्टी सटकून अडकू शकते असे आढळले. जुळणी करताना पट्टी सहज सरकावी म्हणून साबणाचा वापर झाला होता आणि तो आतच राहिला होता. हजारो डॉलरच्या गाडीत एवढ्याशा गोष्टीने पेडल दाबलेलेच राहू शकते, यावरून कारखान्यातल्या एका लहान बदलाचे गांभीर्य लक्षात यावे.

जनरल मोटर्सचा एप्रिल २०२५ चा रिकॉल मालकांना अधिक बुचकळ्यात टाकणारा ठरला. सिल्व्हराडो आणि सिएरा या पिकअप, शिवाय टाहो, युकॉन, एस्कलेडसारख्या २०२१ ते २०२४ च्या गाड्यांतील ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनात क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडचे दोष निघाले. अमेरिकेत सुमारे ६ लाख गाड्या यात आल्या. दुरुस्ती मात्र सगळ्यांना सारखी नव्हती. तपासणीत इंजिन नापास झाले तर दुरुस्ती किंवा नवे इंजिन. पास झाले तर ०डब्ल्यू-२० ऐवजी अधिक घट्ट ०डब्ल्यू-४० तेल, नवा फिल्टर आणि तेलाच्या तोंडाला नव्या सूचनेचे झाकण. पास झालेल्या गाडीच्या मालकाच्या मनात शंका उरणे अगदी रास्त आहे. त्याने तपासणीत काय आढळले ते कामाच्या पावतीवर लिहून घ्यावे आणि पुढची प्रत्येक सर्व्हिसिंग त्याच नव्या तेलाने करावी. बाहेरच्या गॅरेजमध्ये सवयीने जुने तेल भरले गेले, तर झालेल्या दुरुस्तीचा उपयोग शून्य.

रिकॉलसारखीच दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कंपनीने डीलरांना पाठवलेली तांत्रिक सूचना. खडखड, गिअर बदलताना बसणारा झटका, पाण्याची गळती अशा तक्रारींवर काय करावे, ते त्यात असते. ते काम वॉरंटीत असेल तरच मोफत. रिकॉलचे तसे नाही, आणि नव्या गाडीच्या बाबतीत तर कायदा आणखी कडक आहे: न झालेला रिकॉल असलेली नवी गाडी दुरुस्तीआधी ग्राहकाच्या ताब्यात देताच येत नाही. पैसे भरूनही गाडी डीलरच्या आवारात आठवडेच्या आठवडे उभी राहण्याचे हे एक कारण. जुन्या गाड्या विकणाऱ्यांवर असे केंद्रीय बंधन नाही. तिथे खरेदीआधी क्रमांक तपासणे ही सर्वस्वी ग्राहकाची जबाबदारी. दुरुस्ती चालू असताना बदली गाडी द्यायची सक्तीही कायद्यात नाही. पण मागितली तर अनेक कंपन्या देतात, म्हणून लेखी मागावी. रिकॉल निघण्यापूर्वी तोच दोष पदरच्या पैशाने दुरुस्त केला असेल तर ठरावीक अटींत भरपाई मिळते. त्यासाठी पावत्या जपलेल्या असाव्यात. तोच दोष पुन्हा पुन्हा उद्भवला किंवा गाडी फार दिवस गॅरेजमध्येच राहिली, तर राज्याराज्यांचे ‘लेमन लॉ’ मालकाच्या मदतीला येतात.

भारतात २०१२ पासून वाहन उद्योगाची स्वेच्छा संहिता होती. सक्तीच्या रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांपुरते आहेत आणि कसूर करणाऱ्या कंपनीला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता हौदा. अस्तर निवडण्याआधी हौदा कशाचा आहे हे पाहावे, कारण सगळ्यांना ते सारखेच लागते असे नाही. पोलादी हौद्यात खरा शत्रू गंज. विटा, दगड, अवजारे घासून रंग उडतो, आणि बर्फाळ राज्यांत रस्त्यावर टाकलेले मीठ ओरखड्यातून आत शिरले की पोपडे सुटू लागतात. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० पासून हौदा अॅल्युमिनियमचा केला. त्याला तांबडा गंज खात नाही, पण तो टोकदार वस्तूने पोचतो किंवा फाटतो. शेव्हरोलेने २०१६ च्या जाहिरातीत बागकामाचे ८२५ पौंड सिमेंट ठोकळे दोन्ही प्रकारच्या हौद्यांत ओतून अॅल्युमिनियमला पडलेली भोके दाखवली होती. जाहिरात स्पर्धकाची होती हे ध्यानात ठेवले, तरी ज्याला रोज दगडमाती वाहायची आहे त्याने तो मुद्दा मनावर घ्यावा. टोयोटा टॅकोमा, सध्याची टुंड्रा आणि होंडा रिजलाइन यांचे हौदे संमिश्र प्लॅस्टिकचे असतात. त्यांना गंजच नसल्यामुळे सामान घसरू नये म्हणून रबरी मॅट टाकली की पुरते.

सर्वांत स्वस्त आणि झटपट प्रकार म्हणजे जाड पॉलिथिनचे तयार साच्याचे अस्तर. हौद्याच्या आकाराचे टप आत बसवायचे, झाले. आदळआपट ते उत्तम सोसते आणि गाडी विकताना काढूनही ठेवता येते. त्याचे दोन दोष मात्र बाहेरून दिसत नाहीत. टप आणि पत्रा यांच्या फटीत पाणी आणि वाळू साठते. गाडी हादरली की टप वाळूसकट घासते, आणि ज्या रंगासाठी ते बसवले तोच खालून खरवडला जातो. वर्षातून एकदा तरी ते उचलून खालचे धुवायला हवे.

दुसरा दोष जिवावर बेतणारा आहे. प्लॅस्टिकच्या अस्तरावर पेट्रोलचा डबा ठेवून पंपावर भरला, तर वाहत्या पेट्रोलामुळे तयार होणारी स्थिर वीज जमिनीत जायला वाट मिळत नाही. ती धातूच्या डब्यावर साठते आणि नोझल जवळ येताच ठिणगी पडू शकते. अशा आगी प्रत्यक्षात लागल्या आहेत; अमेरिकेतील कामगार-आरोग्य संशोधन संस्था ‘नायॉश’ने १९९८ मध्ये त्याबद्दल खास इशारा दिला. डबा नेहमी खाली जमिनीवर ठेवून, नोझल डब्याच्या तोंडाला टेकवून भरावा. गालिच्यासारखे अस्तर असलेल्या गाडीलाही हाच नियम.

फवाऱ्याचे अस्तर हा सर्वाधिक टिकाऊ आणि म्हणून सर्वाधिक विचाराने घ्यायचा प्रकार. ऱ्हायनो लायनिंग्ज आणि लाइन-एक्स ही यातली ठळक नावे. काम कसे चालते हे पाहिले की किंमत काही शे डॉलर का पडते ते कळते. आधी मागचा फाळका आणि दोर बांधायच्या कड्या काढतात. हौदा धुऊन तेलकटपणा घालवतात. मग नव्याकोऱ्या रंगावर खरखरीत पॅड फिरवून त्याची चकाकी पूर्ण घालवतात; मालकाला हे पाहणे जड जाते, पण चकाकी राहिली तर लेप धरतच नाही. कडांना आत बारीक तार असलेली चिकटपट्टी लावतात. दोन रसायने गरम करून, मोठ्या दाबाने पिस्तुलाच्या तोंडाशी एकत्र येतात आणि पत्र्यावर पडता पडता काही सेकंदांत घट्ट होऊ लागतात. लेप ओला आहे तोवर चिकटपट्टीतली तार ओढली, की कड सरळ कापली जाते. गाडी बहुधा त्याच दिवशी मिळते, जड माल टाकायला मात्र दुकानदार सांगेल तितके थांबावे. चांगल्या कामात पाणी खाली जातच नाही, कारण मध्ये फटच उरत नाही. वाईट कामात वर्षा-दोन वर्षांत कडा सुटतात, आणि दोष जवळजवळ नेहमी घासकामातल्या आळसाचा असतो. उन्हाने काही लेप पांढुरके पडतात. ऊन सोसणारा वरचा थर वेगळ्या पैशाने मिळतो.

या रसायनांपैकी आयसोसायनेट श्वसनाला घातक आहे. त्याने दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की थोडासा संपर्कही बाधतो. फवाऱ्याने हौद्याचे अस्तर लावणाऱ्या कामगारांसाठी नायॉशने २००६ मध्ये स्वतंत्र इशारा काढला, त्याच्या शीर्षकातच दमा आणि मृत्यू हे दोन्ही शब्द आहेत. बंदिस्त खोली, हवा खेचणारे पंखे आणि बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसलेल्या दुकानात स्वस्तात काम करून घेणे म्हणजे कामगाराच्या फुप्फुसांच्या जिवावर वाचवलेले पैसे आहेत. घरच्या गॅरेजमध्ये रोलरने लावायचे डबेही मिळतात. तो लेप पातळ असतो, आणि डब्यावरच्या हवा खेळती ठेवण्याच्या व मुखवट्याच्या सूचना तिथेही तितक्याच लागू.

रबरी मॅट जड असते, घसरत नाही, हवी तेव्हा काढता येते. आठवड्यातून एकदा बाजारहाट आणि वर्षातून दोनदा घर बदलणाऱ्या मित्राचे फर्निचर, एवढाच वापर असलेल्याला तीच पुरे. गुडघे टेकून हौद्यात काम करणारे कारागीर गालिच्यासारखे फोमचे अस्तर पसंत करतात. महाराष्ट्रातल्या मालवाहू पिकअपांच्या हौद्यात चेकर्ड प्लेट ठोकून घेतात, त्यामागचा हिशेबही झिजेचाच आहे. कुठल्याही अस्तराचे वजन दाराच्या चौकटीवर छापलेल्या भारक्षमतेतून वजा होते.

रिकॉल आणि अस्तर यांची गाठ पडते ती हौद्याच्या तळाशी. बहुतेक पिकअपांत इंधनाची टाकी हौद्याखाली असते, आणि टाकीवरच्या पंपापर्यंत किंवा चासीवरच्या वायरिंगपर्यंत पोचायला मेकॅनिक अनेकदा हौद्याचे बोल्ट काढून तो उचलतात. फवाऱ्याने त्या बोल्टांची डोकी बुजली असतील तर लेप कोरून काढावा लागतो आणि तिथेच पुढे कड सुटते. म्हणून फवारा मारणाऱ्याला तीन गोष्टी आधी बजावून सांगाव्यात: बोल्टांची डोकी झाकून घ्यावीत, पाणी निघून जायची भोके उघडी राहावीत आणि वायरिंगच्या अर्थिंगच्या जागी लेप जाऊ नये. नवी गाडी मागवताना कारखान्यातूनच फवाऱ्याचे अस्तर घेतले तर ते गाडीच्याच वॉरंटीत येते. बाहेरून लावले तरी, १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, केवळ अस्तर लावले एवढ्या कारणावरून बाकीची वॉरंटी नाकारता येत नाही; त्या अस्तरामुळेच बिघाड झाला हे दाखवावे लागते. रिकॉलची दुरुस्ती तर वॉरंटीपासून स्वतंत्रच आहे. गाडी लीजवर असेल, तर न निघणारा लेप चालेल का, हे कराराच्या कागदात पाहूनच दुकानाची वेळ घ्यावी, आणि त्या दिवशी सकाळी गाडी क्रमांक निट्साच्या यादीत पुन्हा एकदा तपासावा.