घेवड्याचे दाणे उकळूनच खावे

वाळलेल्या घेवड्याचा दाणा, म्हणजेच राजमा, पौष्टिक खरा; परंतु कच्चा राहिल्यास तो अपाय करतो. त्यात लेक्टिन नावाचे प्रथिन असते. आतड्याच्या अस्तरातील पेशींवर शर्करेच्या साखळ्या असतात. कुलपात किल्ली बसावी तसे हे प्रथिन त्यांना घट्ट चिकटते व पेशींना इजा करते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी १ ते ३ तासांत उलट्या व जुलाब सुरू होऊ शकतात.

यावर उपाय सोपा आहे. दाणे निदान ५ तास भिजवावे, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात ३० मिनिटे खळखळून उकळावे. उकळीने प्रथिनाची घडण मोडते व शर्करेवरील त्याची पकड सुटते. नुसत्या मंद आचेने हे साधत नाही. कच्चे दाणे कोंबड्यांनाही घालू नयेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट घरोघरी समजावून सांगावी.