रात्रीची गाडी आणि मधल्या स्थानकाचा प्रवासी

रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणण्यात आली. ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के तिकिटे पुढे रद्द होतात, असे कारण रेल्वेने त्या वेळी दिले होते. निर्णय योग्यच होता. मात्र परदेशी पर्यटकांसाठी असलेली ३६५ दिवसांची सवलत तशीच ठेवण्यात आली. म्हणजे मेहेरबाबांच्या समाधीच्या दर्शनासाठी मेहेराबादला येणाऱ्या परदेशी भक्ताला, त्याच्या गाडीला परदेशी पर्यटकांचा कोटा असेल तर, वर्षभर आधी बर्थ राखून ठेवता येतो. अशा पाहुण्याला ही सोय मिळाल्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. प्रश्न आहे तो त्याच स्थानकावर उभ्या असलेल्या यजमानाचा.

दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. मुंबईहून आग्नेयेस आणि ईशान्येस जाणाऱ्या दोन प्रमुख मार्गांना जोडणारा दुवा, हे त्याचे प्रयोजन. सुमारे दीड शतक उलटले तरी अहिल्यानगर जिल्ह्याचे रेल्वेच्या नकाशावरील स्थान बदललेले नाही. झेलम, गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र एक्स्प्रेस या गाड्या जिल्ह्यातून जातात. त्या सुरू होतात पुणे, वास्को, बंगळूर वा कोल्हापूर येथे आणि संपतात जम्मू, दिल्ली वा गोंदिया येथे. शिर्डीचे स्थानक २००९ मध्ये झाले आणि तेथून काही गाड्या सुटू लागल्या, हा अपवाद. तो बहुतांशी बाहेरून येणाऱ्या यात्रेकरूंच्या उपयोगाचा आहे.

दिवसाच्या प्रवासात जागा मिळाली नाही तर माणूस उभ्याने जाऊ शकतो. रात्रीच्या प्रवासात बर्थ ही चैन नसून गरज असते. नगर व सुपे येथील औद्योगिक वसाहतींतील उत्तर भारतीय कामगार, नागपूरला परीक्षेसाठी निघालेला विद्यार्थी, दिल्लीच्या रुग्णालयात आईला घेऊन जाणारा श्रीरामपूरचा शेतकरी, या सर्वांची गरज तीच. पण आरक्षणाची व्यवस्था त्यांना मूळ स्थानकावरील प्रवाशाच्या बरोबरीने वागवीत नाही.

याचे कारण कोट्यांच्या वाटपात आहे. गाडीतील बहुतेक बर्थ सामान्य कोट्यात असतात आणि ते मुख्यतः मूळ स्थानकापासून अंतिम स्थानकापर्यंत जाणाऱ्यांच्या वाट्याला येतात. मधल्या काही मोठ्या स्थानकांना ‘रिमोट लोकेशन’ नावाचा छोटा कोटा मिळतो. उरलेल्या अनेक स्थानकांना मिळून एक सामाईक ‘पूल्ड’ कोटा असतो. प्रत्येक कोट्याची प्रतीक्षा यादी निराळी. सामान्य यादी झपाट्याने पुढे सरकते, इतर दोन रेंगाळतात. एकाच गाडीत, एकाच डब्यासाठी पुण्याच्या प्रवाशाचा तीसावा क्रमांक पक्का होतो आणि मधल्या स्थानकाचा आठवा क्रमांक शेवटपर्यंत लटकत राहतो, असे घडू शकते ते यामुळेच.

रेल्वेची बाजूही समजून घेतली पाहिजे. बर्थ हा नाशवंत माल आहे. गाडी सुटली की रिकाम्या बर्थचे मोल शून्य. तो अर्ध्या वाटेच्या प्रवाशाला आधीच विकला, तर उरलेली अर्धी वाट तो रिकामा जाण्याचा धोका असतो. तेव्हा लांबच्या प्रवाशाला अग्रक्रम देण्यामागे हिशेब आहे. परंतु या हिशेबाचे ओझे कोणावर पडते, हे कोणी पाहत नाही.

जाणकार प्रवासी यावर तोडगा काढतो. तो पुण्याहून तिकीट घेतो आणि गाडीत चढण्याचे स्थानक म्हणून नगरची नोंद करतो. हे नियमाला धरूनच आहे. मात्र ज्या अंतराचा प्रवास केला नाही त्याचेही भाडे मोजावे लागते. चढण्याचे स्थानक बदलून घेण्यास जो विसरतो, त्याचा बर्थ पुण्यानंतर दुसऱ्याला मिळू शकतो. तत्काळ योजनेचेही तसेच. ही खिडकी गाडी मूळ स्थानकावरून सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडते. गाडी येथे दुसऱ्या दिवशी पोचत असेल, तर येथील तारखेच्या दोन दिवस आधी. हे ठाऊक नसलेला माणूस एक दिवस उशिरा रांगेत उभा राहतो. श्रीरामपूरच्या स्थानकाचे नाव बेलापूर आहे, हे परक्याला कोण सांगणार?

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर टंचाईच्या वस्तूचे वाटप किमतीने होते किंवा रांगेने. ऑस्ट्रियाच्या रेल्वेने २०१६ च्या अखेरीस जर्मनीने सोडून दिलेल्या रात्रीच्या गाड्यांपैकी बऱ्याच आपल्याकडे घेतल्या. तेथे मागणी वाढली की भाडे वाढते. जपानमध्ये उरलेल्या एकमेव नियमित रात्रगाडीचे आरक्षण बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला उघडते. तेथे रांगेला मान आहे. भारताने स्लीपर वर्गासाठी मुख्यतः रांग स्वीकारली, आणि गरीब देशात ते रास्तच आहे. पण रांगेचा न्याय एका अटीवर टिकतो: रांग एकच हवी आणि ती सर्वांना दिसली पाहिजे. येथे रांगा अनेक आहेत आणि त्यांची लांबी ठरविणारे कोष्टक सामान्य माणसाच्या नजरेआड आहे. मग माहिती हीच किंमत होते आणि ती अडाण्याला अधिक मोजावी लागते.

यावर उपाय अवघड नाहीत. प्रत्येक गाडीत प्रत्येक स्थानकाचा कोटा किती, हे स्थानकाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर जाहीर करावे. कोट्याचा दरवर्षी फेरविचार व्हावा, आणि तो करताना विकल्या गेलेल्या तिकिटांइतकाच प्रतीक्षा यादीत राहून परत गेलेल्यांचा आकडा विचारात घ्यावा. संगणकात तो आकडा असतोच. ज्याची रजा आठवड्यापूर्वी ठरते, त्या कामगारासाठी काही बर्थ साध्या भाड्याने उशिरा खुले करावेत. तत्काळ तिकिटांना १ जुलै २०२५ पासून आधारची पडताळणी सक्तीची झाली, त्यामुळे दलालांना काहीसा लगाम बसेल. परंतु त्याने बर्थची संख्या वाढत नाही. ती वाढते डब्यांनी आणि गाड्यांनी.

नगर-बीड मार्गावर सप्टेंबर २०२५ मध्ये गाडी धावू लागली. परळीपर्यंत रूळ जोडले गेले की मराठवाड्याची वाहतूकही याच स्थानकाकडे वळेल. त्या वेळी हे केवळ मधले स्थानक राहणार नाही, जंक्शन होईल. जंक्शनचा मान रुळांनी मिळतो. तेथील माणसाला रात्री पाठ टेकायला जागा मिळेल की नाही, हे मात्र कोट्याचे कोष्टक ठरविते. ते कोष्टक बदलण्याची मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी नव्या गाडीच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडली पाहिजे.