उतारवयातील पुरुषांची हाडे व अंगमेहनत

मुलगा कर्ता झाला, दारी ट्रॅक्टर आला, की घरातील वडीलधारा पुरुष शेतातून ओसरीवर येऊन बसतो. जन्मभर कष्ट केले, आता विसावा घ्यावा, असे घरची मंडळी म्हणतात व त्यात मायाच असते. परंतु हाडांच्या दृष्टीने असा संपूर्ण विसावा हितावह नाही.

हाड हे दगडासारखे निर्जीव नव्हे. जुना भाग झिजून नवा भरण्याची क्रिया त्यात सतत चालू असते, व जेथे भार पडतो तेथे हाड बळकट होते. जर्मन शस्त्रवैद्य यूलियुस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम ग्रंथरूपाने मांडला. त्याचा उलट पडताळा अंतराळवीरांत मिळाला. तेथे अंगाचा भार पायांवर पडतच नाही. त्यामुळे खुब्याच्या हाडांतील खनिजांश दरमहा शेकडा एक ते दीड इतका घटत असल्याचे आढळून आले आहे.

हाडे ठिसूळ होणे हा केवळ स्त्रियांचा विकार, अशी समजूत आहे. स्त्रियांत पाळी गेल्यानंतर ही झीज झपाट्याने होते, हे खरे. पुरुषांत ती सावकाश होते, म्हणूनच ध्यानात येत नाही. मात्र खुबा मोडल्यानंतर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण पुरुषांतच अधिक असते.

यास्तव झेपेल तेवढे, उभ्याने करावयाचे काम सोडू नये. बांधावरून झपझप चालावे, पायऱ्या चढाव्यात, हातांचा टेकू न घेता बाजेवरून दहा वेळा उठावे-बसावे. सायकलवरून डेअरीपर्यंत जाणे हृदयाला उत्तम. पण त्यात अंगाचा भार बैठकीवर राहतो, हाडांना लाभ थोडाच. पासष्टीपुढील लोकांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सुचविले आहे. तोलासाठी खांबाला हात लावून एका पायावर उभे राहण्याचा सराव पुरे.

कमरेत वाकून पोते उचलणे मात्र वर्ज्य समजावे. ठिसूळ मणका अशा वेळी दबून मोडतो. उंची घटली, पाठीला बाक आला, तर ते नुसते म्हातारपण न मानता डॉक्टरांस दाखवावे. दम्यासाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर अवश्य दाखवावे.

आहारात दूध, ताक व नाचणी असावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. विडी व दारू हाडांना घातकच. आणि गोठ्याच्या वाटेवर रात्री दिवा असावा. तेथे पडलेली दावी व नांगराचे फाळ दिवस मावळण्यापूर्वीच उचलून ठेवावेत.