मोडी लिपीची संगणकीय मुद्राक्षरे

मोडी लिपीतील मजकूर संगणकावर उमटविता, साठविता व शोधता यावा यासाठी योजलेले वर्णसंकेत आणि त्यांवर आधारलेले अक्षरसंच. यादवकाळापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीचा दप्तरी व खाजगी व्यवहार मुख्यत्वे मोडीत चालत असे. या लिपीचा जनक यादवांचा मंत्री हेमाद्री असल्याची परंपरागत समजूत आहे. पुण्याचे पेशवे दप्तर, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय, तसेच तहसील कचेऱ्यांतील जुनी महसुली दप्तरे या सर्वांत मोडी कागदांचे प्रचंड साठे आहेत. ते वाचू शकणारे जाणकार मात्र थोडे आहेत.

मोडी ही त्वरालेखनाची लिपी होय. लेखक प्रथम ओळभर शिरोरेषा ओढून घेई व तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर लिही. शब्दांमध्ये अंतर सोडण्याची वा विरामचिन्हे देण्याची रीत नव्हती. काना, मात्रा जोडताना काही व्यंजनांचे मूळ रूपच पालटते. शिवाय शिवकालीन चिटणिसी, पेशवेकालीन रानडी अशी निरनिराळी वळणे प्रचलित होती. सुटे खिळे जुळवून छापण्याच्या पद्धतीशी अशा ओघवत्या लिपीचा मेळ बसणे अवघडच होते. विल्यम कॅरीने १८१० साली श्रीरामपूर (बंगाल) येथे आपला मराठी कोश छापताना मोडी खिळे वापरले. परंतु पुढे मराठी मुद्रणाने बाळबोध देवनागरीचाच आश्रय केला. मोडी हस्तलिखितांपुरती उरली आणि मुद्रणातील या तुटलेल्या परंपरेमुळे संगणकाच्या युगात तिला प्रमाणभूत अक्षररूपांचा वारसा मिळाला नाही.

संगणक अक्षराचे चित्र साठवीत नाही, तर त्याचा संकेतांक साठवितो. त्या अंकाला कोणते रूप द्यावयाचे हे मुद्राक्षरसंच ठरवितो. प्रारंभीच्या काही मोडी संचांत रोमन कळफलकावरील अक्षरांच्या संकेतांकांवर मोडी आकृत्या बसविलेल्या होत्या. असा संच नसलेल्या यंत्रावर तो मजकूर निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होऊन बसे. देवनागरीच्या संकेतांकांना मोडी रूप देणारे संचही निघाले. ही युक्ती तितकीशी टाकाऊ नव्हती, कारण संच नसल्यास वाचकाला निदान बाळबोध अक्षरे तरी दिसत. परंतु मोडी व देवनागरी एकाच लेखात शेजारी आल्यास त्यांतील भेद संकेतांच्या पातळीवर टिकत नसे.

युनिकोड या जागतिक वर्णसंकेतमालेत देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले होते. मोडीचा समावेश २०१४ साली सातव्या आवृत्तीत झाला. तिच्यासाठी ९६ स्थाने राखून ठेवली असून त्यांपैकी ७९ भरली आहेत : १४ स्वर, ३४ व्यंजने, १३ स्वरचिन्हे, १० अंक आणि अनुस्वार, विसर्ग, दंड इ. चिन्हे. ही स्थाने पहिल्या ६५,५३६ संकेतांकांच्या पलीकडे आहेत; त्यामुळे त्या मर्यादेतच चालणाऱ्या जुन्या आज्ञावल्यांमध्ये मोडी अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. अक्षरांची जुळणी व रूपांतर करणाऱ्या प्रणालींत मोडीची सोय झाल्यावर आणि नोटो सान्स मोडीसारखे मुक्त संच उपलब्ध झाल्यावर लेखन शक्य झाले. तथापि संचातील अक्षरे एका ठराविक, सुबक वळणाची असतात. त्यांवरून शिकलेल्यास पेशवेकालीन कागद वाचता येईलच असे नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न ऱ्हस्वदीर्घाचा आहे. रूढ मोडी लेखनात इकार-ईकार व उकार-ऊकार हा भेद पाळला जात नाही. युनिकोडमध्ये मात्र दोहोंना स्वतंत्र संकेतांक आहेत. कल्याण तालुक्यात भातसा नदीकाठी असलेल्या खडवली गावाचे नाव एका नोंदणीकाराने ऱ्हस्व संकेताने व दुसऱ्याने दीर्घ संकेताने भरले, तर पारंपरिक रूपे देणाऱ्या संचात दोन्ही शब्द पडद्यावर एकसारखे दिसतील. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते भिन्न ठरतील आणि शोध घेणाऱ्याला निम्म्या नोंदी सापडणारच नाहीत. वडिलोपार्जित जमिनीचा दाखला हुडकणाऱ्या कुटुंबाला या फरकाची किंमत मोजावी लागते. सूचिकार्यापूर्वी एकच संकेत निश्चित करणे किंवा शोधताना दोन्ही समान मानणे हाच यावरील उपाय होय.

ही अडचण मोडीपुरती नाही. उभ्या ओळींत लिहिल्या जाणाऱ्या पारंपरिक मंगोल लिपीस १९९९ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. मंगोल लिपीवरून सिद्ध झालेल्या मांचू लिपीची अक्षरेही त्याच गटात आहेत. तेथे संकेत आकारावरून न देता उच्चारावरून दिले गेले. मंगोल ‘ओ’ व ‘उ’ यांचे लिखित रूप एकच, पण संकेतांक दोन. परिणामी सारखा दिसणारा शब्द अनेक प्रकारे साठविला जातो. त्यात अक्षराचे रूप शब्दारंभी, मध्ये व अंती बदलत असल्याने निरनिराळ्या संचांत एकच मजकूर वेगवेगळा उमटल्याच्या तक्रारी दीर्घकाळ राहिल्या. त्या मानाने मोडीचा मार्ग सुकर म्हटला पाहिजे. ती आडवी लिहिली जाते आणि तिच्या प्रत्येक वर्णाला देवनागरीत प्रतिरूप आहे.

मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर २०२३ मध्ये समिती नेमली गेली. पुढे हे काम राज्यभर विस्तारले, तेव्हा दप्तरे उलगडण्यासाठी मोडी वाचकांची निकड सर्वत्र जाणवली. मुद्राक्षरे तयार असली, तरी कागदावरील हस्ताक्षर यंत्राने ओळखणे हे निराळेच काम आहे. २०२५ साली रूडकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन मोडी कागदांच्या २,००० हून अधिक प्रतिमा देवनागरी लिप्यंतरासह प्रसिद्ध केल्या. या प्रतिमांच्या आधारे मोडी हस्ताक्षराचे देवनागरीत रूपांतर करण्याचे प्रयोग चालू झाले असून त्यांत जाणकारांनी केलेले लिप्यंतर हेच यंत्राच्या शिक्षणाचे प्रमाण धरले जाते.