गोल्फ कोर्सवर उशीर कोण करतं? प्रश्न मांडतानाच होणारी एक चूक

पेट झाली, आता मुलाखतीसाठी प्रस्ताव लिहायचाय, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. प्रस्तावात एक चूक फार सहज होते, ती म्हणजे प्रश्नाच्या वाक्यातच उत्तर लपवून ठेवणं. मीही केली होती. माझं काम रांगांवर आहे, ज्याला क्यूइंग थिअरी म्हणतात त्यावर. सरावासाठी मी गोल्फ कोर्सवरची रांग निवडली आणि प्रश्न लिहिला, "संथ खेळाडूंमुळे खेळाला किती उशीर होतो?" गाइडनी एकच विचारलं, "संथ खेळाडूंमुळेच होतो हे तुला कुणी सांगितलं?"

सांगितलं होतं सगळ्यांनीच. कोर्सवर कुणालाही विचारा, बोट पुढच्या गटाकडेच जातं. त्यामुळे आधी हा खेळ चालतो कसा ते पाहू. गोल्फ येत नसेल तरी बिघडत नाही.

पूर्ण कोर्स १८ होलचा असतो. प्रत्येक होलवर 'टी' म्हणजे सुरुवातीची जागा आणि 'ग्रीन' म्हणजे खळगा असलेली गुळगुळीत हिरवळ. खेळाडू बहुधा चौघांच्या गटाने जातात आणि गट ठरावीक अंतराने सोडले जातात. दोन गटांमधल्या या वेळेला आपण 'अंतर' म्हणू. पार-फोर होल लांब असतो, त्यामुळे पुढचा गट दुसरा फटका मारून पुढे सरकला की मागचा गट सुरुवात करू शकतो. म्हणजे एका होलवर दोन गट मावतात. पार-फाइव्हवर तीनही मावतात. पार-थ्रीवर मात्र टीवरून मारलेला चेंडू थेट ग्रीनवर पोचतो. तिथे माणसं उभी असताना मारणं धोक्याचं, म्हणून पुढचा गट ग्रीन सोडेपर्यंत मागच्यांनी थांबायचं. एका वेळी एकच गट. कोर्सचा बॉटलनेक बहुतेकदा इथेच असतो.

शिष्टाचाराचे नियमही आहेत आणि ते वाजवी आहेत. आपली पाळी आली आणि समोर अडथळा नसला की ४० सेकंदांत फटका मारावा, अशी नियमांची शिफारस आहे. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी ५ मिनिटं मिळायची, २०१९पासून ३ मिळतात. जो तयार आहे त्याने आधी मारावं, यालाही त्याच वर्षीच्या नियमांनी प्रोत्साहन दिलं. मागचा गट भरभर येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्यावं. स्पर्धेत दंडही होतो. २०१३च्या मास्टर्समध्ये चीनच्या १४ वर्षांच्या ग्वान तिआनलांगला संथ खेळाबद्दल एका फटक्याचा दंड झाला होता.

हे सगळे नियम एकेका खेळाडूसाठी आहेत. उशीर मात्र सगळ्या कोर्सवर पसरतो. तो कसा पसरतो ते कागदावर मांडून बघा. खालचे आकडे मी हिशोबासाठी धरलेत, मोजलेले नाहीत.

समजा पार-थ्रीवर टीवरचे फटके मारायला ३ मिनिटं, चालत ग्रीनपर्यंत जायला २ आणि तिथला खेळ संपवायला ४ मिनिटं लागतात. एकूण ९. आता एका गटाचा चेंडू झुडपात गेला आणि ५ मिनिटं जास्त गेली. मागच्यांचं काय होईल?

पहिली स्थिती: गट १० मिनिटांच्या अंतराने सोडलेत. प्रत्येक गटामागे १ मिनिट मोकळं आहे. मग लगेच मागचा गट ४ मिनिटं थांबेल, त्यामागचा ३, मग २, मग १. पाचव्या गटाला काही झालं होतं हे कळणारसुद्धा नाही.

दुसरी स्थिती: अंतर बरोबर ९ मिनिटं. मोकळा वेळ शून्य. मागचा गट ५ मिनिटं थांबेल, त्यामागचाही ५, आणि दिवसाचा शेवटचा गटही ५. एकदा पडलेला उशीर भरूनच निघत नाही.

तिसरी स्थिती: अंतर ८ मिनिटं. इथे चेंडू हरवायचीही गरज नाही. सगळे अगदी वेळेत खेळले तरी दुसरा गट १ मिनिट थांबेल, तिसरा २, आणि एकतिसावा गट अर्धा तास. त्यात चेंडू हरवला तर त्याची ५ मिनिटं वर चढतील.

तिन्ही ठिकाणी खेळाडू तोच आणि चूकही तीच आहे. दहा मिनिटांच्या अंतरात ती चूक जिरली, आठ मिनिटांच्या अंतरात ती नसतानाही रांग लागली. मग "संथ खेळाडूंमुळे किती उशीर होतो" या प्रश्नाला एक उत्तर कसं असेल? अंतर किती ते सांगितल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. माझ्या प्रस्तावात 'अंतर' हा शब्दच नव्हता.

क्लब ८ मिनिटांचं अंतर का ठेवेल, असं वाटेल. कारण हिशोब वरवर फायद्याचा दिसतो. १० मिनिटांनी ताशी ६ गट जातात, ८ मिनिटांनी साडेसात. पण बॉटलनेकमधून ताशी पावणेसातच्या आतच गट बाहेर पडतात. जास्तीचे गट कोर्सवर उभे राहतात. कोलंबिया विद्यापीठातल्या वॉर्ड व्हिट यांनी गोल्फ कोर्सचा असा रांगांच्या गणिताने अभ्यास केला आहे, आणि त्यांचा प्रश्नच वेगळा आहे: या कोर्समधून जास्तीत जास्त किती गट जाऊ शकतात? बघा, या वाक्यात दोषी कुणी नाही. म्हणून ते मोजता येतं.

यावर गोल्फमध्ये एक जुना उपाय आहे. मागचा गट पार-थ्रीच्या टीवर ताटकळत असेल तर पुढचा गट ग्रीनपाशी पोचल्यावर बाजूला उभा राहतो आणि "मारा" अशी खूण करतो. मागच्यांचे फटके झाले की पुढचे आपला खेळ संपवतात, आणि तेवढ्यात मागचे चालत येतात. चालण्याची २ मिनिटं दुसऱ्याच्या खेळात झाकली जातात. आता दर ९ ऐवजी दर ७ मिनिटांनी एक गट बाहेर पडतो. गंमत म्हणजे त्या होलवर प्रत्येक गटाचा स्वतःचा वेळ मात्र वाढतो: टीवर ३, पुढच्यांचा खेळ संपेपर्यंत ४, मागच्यांचे फटके होईपर्यंत ३, स्वतःचा खेळ ४, असा एकूण १४ मिनिटं. तुम्ही फक्त "गटाने होलवर किती वेळ घेतला" हे मोजत असाल, तर रांग कमी करणारा हाच गट तुमच्या तक्त्यात सगळ्यात संथ दिसेल!

माझ्या पहिल्या तक्त्यात नेमका हाच रकाना होता. स्टॉपवॉच घेऊन मी झाडाखाली बसले होते आणि शेजारी एक कॅडीकाका आपल्या खेळाडूंची वाट बघत होते. म्हणाले, "ताई, तुम्ही ह्यांचा टाइम लिहिताय, पण आमचं काय? फेरी लांबली की दुपारची दुसरी फेरी गेली." त्यांना फेरीमागे पैसे मिळतात. खेळाडूचा अर्धा तास कंटाळ्यात जातो, त्यांचा मजुरीतून जातो. आणि उशिराचं खापर "हळू चालतात" म्हणून कधीकधी कॅडींवरच फुटतं. चुकीचा प्रश्न घेऊन मी पुढे गेले असते तर त्या खापराला आकड्यांचा आधार मिळाला असता. गाइडचा प्रश्न मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळला.

मग योग्य तक्ता कसा करायचा? रकाने तीनच पुरतात: गट टीपाशी कधी पोचला, पहिला फटका कधी मारला, ग्रीन कधी सोडलं. पहिल्या दोनमधला फरक म्हणजे थांबणं. लागोपाठच्या दोन गटांच्या ग्रीन सोडण्याच्या वेळांतला फरक म्हणजे खरं अंतर. थांबण्याचा वेळ गटांच्या क्रमाने आलेखावर मांडा. रेघ दिवसभर चढतच गेली तर आधी वेळापत्रक तपासा. एकदम उसळून हळूहळू उतरली तर एखादी घटना घडलीय, ती शोधा. उसळून तिथेच सपाट राहिली तर वेळापत्रकात मोकळा वेळ नाही. एखादाच गट पुढच्यापासून तुटून मागे पडत असेल, समोरचा होल रिकामा असेल आणि मागे रांग असेल, तर मात्र शिष्टाचाराचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच अनुभवी गोल्फर "मागच्यांच्या पुढे आहोत ना" असं न बघता "पुढच्यांच्या मागे लागून आहोत ना" हे बघतात.

आता तुमचा प्रस्ताव काढा. "विद्यार्थी वाचत नाहीत म्हणून", "शेतकरी नवं तंत्र स्वीकारत नाहीत म्हणून", "कर्मचारी ढिले आहेत म्हणून" अशा धर्तीचं एखादं वाक्य त्यात आहे का? असेल तर त्यातला दोषी खोडा आणि वाक्य पुन्हा लिहा. मग स्वतःला विचारा: ही सगळी माणसं आपलं काम वेळेत आणि नीट करत असती, तरी हा प्रश्न उरला असता का? उत्तर "हो" आलं, तर मोजायची गोष्ट दुसरीकडे आहे. "नाही" आलं, तर तुमचा मूळ प्रश्न टिकला. मुलाखतीत तो कुणी विचारला, तर आता तुमच्याकडे सांगायला कारणही असेल.