स्पर्धेमुळे शहर बदललं, हे कसं ठरवायचं?

जळगाव-धुळ्याहून पुण्याला शिकायला गेलेल्यांना बालेवाडी माहीत असते. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी तिथं क्रीडासंकुल उभं राहिलं आणि ऑक्टोबर 2008 मध्ये तिथंच राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. समजा, तुमचा संशोधनप्रश्न असा आहे: 2008 च्या स्पर्धेमुळे पुणेकरांचं रोजचं जगणं किती बदललं?

पहिला मोह होतो तो साध्या वजाबाकीचा. 2005 चं घरभाडं घ्या, 2010 चं घ्या, फरक काढा. इथंच आपण फसतो. त्याच वर्षांत शेजारच्या हिंजवडीत आयटी कंपन्या वाढत होत्या आणि केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून बीआरटीची कामं चालू होती. मग भाडं नेमकं कशामुळे वाढलं?

म्हणून स्पर्धा न झालेलं, पण बाकी बाबतीत जवळचं शहर शोधा. जळगाव-धुळे कितीही आपले असले तरी इथं चालणार नाहीत. पुण्यासारखं त्या योजनेच्या मिशन शहरांत होतं ते नाशिक. पुण्यातल्या बदलातून नाशिकमधला बदल वजा करा. उरतो तो 'फरकातला फरक'. पण स्पर्धेआधी दोन्हीकडची भाडी साधारण एकाच चालीनं वाढत होती का, हे आधी तपासा. नाशिकला हिंजवडी नाही, ही मर्यादाही स्वतःच लिहा; परीक्षक विचारणारच.

आणि 'रोजचं जगणं' म्हणजे कुणाचं, तेही ठरवा. रस्ता रुंद झाला की मोटारवाल्याचा वेळ वाचतो, हातगाडीवाल्याची जागा जाते. सरासरीत हा माणूस दिसतच नाही.